उधळलेले खोबरे

अन्न टाकू नये, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. ताटात घासभर भात उरला, तर माझी आजी रागावत असे. तीच आजी जेजुरीच्या गडावर गेली, की मूठमूठ हळद आणि खोबरे हवेत उधळीत असे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, असा प्रश्न भिलाईच्या हुडको वसाहतीतील आमच्या शेजारच्या एका तरुणाने मला विचारला. स्पेनमधील बुन्योल या गावी ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांवर टोमॅटो फेकतात, ते दृश्य त्याने पाहिले होते. "काका, ते आणि आपले हे, यांत फरक काय?"

उत्तर देण्यापूर्वी एकदा पाहून यावे, म्हणून 30 डिसेंबर 2024 च्या सोमवती अमावस्येला मी जेजुरीस गेलो. दुर्गहून पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे सुमारे 50 किलोमीटर.

पायऱ्या चढू लागताच अंगावर पिवळा पाऊस सुरू झाला. दगडी कमानी, दीपमाळा, माणसांचे केस, भुवया, सारे एकाच रंगाचे झाले होते. खंडोबाची पालखी कऱ्हा नदीच्या स्नानासाठी निघाली, तेव्हा 'येळकोट येळकोट जय मल्हार' या गजरात समोरचा माणूसही दिसेनासा झाला. तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी टणकन आदळले. खोबऱ्याचा तुकडा होता, आणि चांगला मोठा होता! मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी पदरात बरेच तुकडे झेलले होते. त्यांतला एक माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "घ्या, देवाचं आहे." आमची ओळख ना पाळख.

माझ्या मते फरक येथे आहे. बुन्योलला टोमॅटो फेकण्यापूर्वी हाताने चिरडावा लागतो. कोणाला इजा होऊ नये, म्हणून तसा नियमच आहे. तो खाण्यासाठी उरत नाही, आणि तासाभराच्या खेळानंतर रस्ते पाण्याने धुऊन काढतात. 1945 पासून चालत आलेल्या त्या खेळाला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. जेजुरीचे खोबरे मात्र कोणीतरी झेलावे म्हणून उधळले जाते. आमच्या छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेराचा सण असतो. मुले दारोदार धान मागतात. तेथे देणारा मागणाऱ्याचे तोंड पाहतो. गडावर तेवढाही संकोच नाही. आपले खोबरे कोणाच्या पदरात पडले, हे उधळणाऱ्याला कळत नाही.

बरेचसे खोबरे पायदळी तुडवले जाते, हेही मी पाहिले. ते मला रुचले नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट भंडाऱ्याची आहे. भंडारा म्हणजे हळद. भाविक तो कपाळी लावतात, जिभेवर ठेवतात, लहान मुलांच्या तोंडातही घालतात. मी वाटेत घेतलेली पुडी स्वस्त होती. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरू लागले आणि मानेला खाज सुटली. घरी आल्यावर उरलेली भुकटी चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात टाकली. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाण्याला फिकट पिवळी छटा येते. माझ्या ग्लासातील पाणी गडद पिवळे झाले. हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळण्यास कायद्याने बंदी आहे; पण 'ही पूजेची वस्तू, खाण्याची नव्हे' असे म्हटले, की पुढे विचारणार कोण? आणि जे खाता येत नाही ते उधळावयाचे असेल, तर त्या तरुणाला दिलेले माझे उत्तर लंगडे पडते. मग ते अन्नही नव्हे आणि प्रसादही नव्हे, नुसता रंग होय.

मी त्याला हे सारे सांगितले, तो ग्लासही दाखवला. पुढच्या सोमवतीला तो माझ्याबरोबर येणार आहे. हळद घरी दळलेलीच न्यावयाची, असे त्याच्या आईने ठरवून टाकले आहे. खोबऱ्याचे तुकडे केवढे करावयाचे, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.