शाळा गावाची की सरकारची? भोपाळचे दोन धडे

शाळा घरासारखी असावी, हे वाक्य शिक्षणविषयक प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. घरासारखी म्हणजे नेमकी कशी, असे विचारले की उत्तर बहुधा रंगवलेल्या भिंतींपाशी येऊन थांबते. मध्य प्रदेशच्या राजधानीने, म्हणजे भोपाळने, गेल्या तीन दशकांत या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. कमी पटाच्या प्राथमिक शाळांच्या विलीनीकरणावरून 2022 मध्ये वाद झडलेल्या गोव्याने ती दोन्ही नीट तपासून पाहावीत.

पहिले उत्तर 1 जानेवारी 1997 चे. त्या दिवशी सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेत पहिला शब्द गावाचा होता. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत 40 मुले, आदिवासी भागात 25 मुले असतील आणि पालकांनी मागणी केली, तर 90 दिवसांत शाळा देण्याची हमी शासनाने घेतली. शिकवणारा ‘गुरुजी’ स्थानिक असे. हजारो वस्त्यांत शाळा पोहोचली; शिक्षक मुलांच्या घरच्यांना ओळखणारा मिळाला. मात्र त्याचे मानधन तुटपुंजे, प्रशिक्षण अल्प आणि इमारतीची वानवा. गरिबांच्या पदरी दुय्यम शाळा पडते, हा आक्षेप त्यामुळेच घेतला गेला व तो निराधार नव्हता. माया होती, छप्पर नव्हते.

दुसरे उत्तर नेमके उलट टोकाचे. ‘सीएम राइज’ योजनेत राज्यभर 9,200 सुसज्ज शाळांचा संकल्प सोडण्यात आला. 2025 मध्ये त्यांचे ‘सांदीपनि विद्यालय’ असे नामकरण झाले. प्रशस्त वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण आणि दूरच्या मुलांसाठी बस, अशी ही कल्पना आहे. सरकारी शाळेतील मुलालाही उत्तम वास्तू मिळावी, या हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. प्रश्न अंतराचा आहे. सहा वर्षांचे मूल बसने दूर गेले की आईचा शाळेशी संबंध बसथांब्यापाशी संपतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, असे सांगितले आहे. रोजंदारी बुडवून दूरच्या शाळेतील बैठकीला पालक येणार कसे? येथे छप्पर मिळते, पण गावाचा हात सुटण्याचा धोका उरतो.

याच भोपाळच्या झोपडवस्त्यांत ‘मुस्कान’ ही संस्था 1998 पासून काम करते. तिच्याकडे येणाऱ्या मुलांत पारधी आणि गोंड समाजांतील मुले आहेत. पारध्यांसारख्या जमातींवर 1871 च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. समाजाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. अशा मुलाला शाळेचे फाटकही परके वाटते. आपली बोली वर्गात उच्चारल्यावर कोणी हसणार नाही, ही खात्री त्याच्यासाठी नव्या बाकांहून मोलाची असते. घरपणाची सुरुवात ओळख मिळण्यापासून होते. गोव्यात कामानिमित्त आलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही हेच लागू पडते.

मग वास्तूचे काय? त्याचाही नमुना भोपाळमध्येच आहे आणि तो गोव्याशी नाते सांगणारा आहे. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील चार्ल्स कोरिया यांनी पणजीची कला अकादमी घडवली, तसेच 1982 मध्ये खुले झालेले भोपाळचे भारत भवनही. तलावाकाठच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी ही वास्तू येणाऱ्याला दडपून टाकत नाही. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेते. गोव्यातील जुन्या घरांचे राजांगण आणि बल्कांवातील सोपे हेच काम करीत आले आहेत. नातवाला न्यायला आलेल्या आजीला फाटकाशी सावलीत बसायला जागा, वर्गांमध्ये छोटे अंगण, संध्याकाळी गावालाही वापरता येईल असे सभागृह: एवढ्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती आराखडा निश्चित होण्यापूर्वी पालकांना विचारण्याची तयारी.

अर्थात, आपुलकीच्या नावाखाली मोडकळीस आलेली इमारत चालवणे हा अपराधच. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून 7 मुले दगावली. जे छप्पर सुरक्षित नाही, त्याला घर म्हणता येत नाही.

म्हणून निवड ‘जवळची की चांगली’ अशी मांडणेच चुकीचे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलांची वाट दाखवली आहे: लहान शाळा आपापल्या जागी राहतील, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगीत व क्रीडा शिक्षक त्यांच्यात सामायिक असतील. निदान प्राथमिक वर्गांसाठी तरी मुलाला बसमध्ये बसवण्याऐवजी शिक्षकाला बसमध्ये बसवावे. वाड्यावरची मराठी शाळा बंद झाली की पटावरची मुले दुसरीकडे नेता येतात. त्या शाळेभोवती जमणारे गाव मात्र नेता येत नाही. विलीनीकरणाच्या पुढच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी शिक्षण खात्याने या नुकसानीचाही हिशेब मांडायला हवा.