विचारले काय, सांगितले काय!

एखादी भगिनी फेसबुकवर दोन ओळी लिहिते. ‘प्रिंटर कालपासून कागद ओढत नाही. उद्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म छापून द्यायचा आहे. कुणाला उपाय माहीत आहे का?’ तासाभरात वीस-पंचवीस उत्तरे जमा होतात. एक जण म्हणतो, ‘हा प्रिंटर घेतलाच कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘विंडोज वापराल तर असेच होणार.’ तिसरा फर्मान सोडतो, ‘आजच विंडोज काढा, लिनक्स टाका. आयुष्यभराची कटकट जाईल.’ मग लिनक्सची कोणती आवृत्ती चांगली यावर त्या तिघांचेच भांडण जुंपते आणि फॉर्म राहतो बाजूला.

खरे तर कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर धूळ बसली की तो घसरतो. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, किंचित ओलसर सुती कापडाने रोलर पुसला आणि वाळू दिला तर पुष्कळदा काम होते. लिनक्स टाकल्याने त्या रोलरची धूळ कशी उडणार? आपल्याकडे याला म्हणतात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

लिनक्स वाईट आहे असे मात्र कुणी समजू नये. 1991 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने त्याची सुरुवात केली. आज जगातले सर्वांत वेगवान पाचशे संगणक लिनक्सवर चालतात. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. ते वापरायला पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते आणि त्याची घडण कुणालाही उघडून पाहता येते. एवढी चांगली वस्तू हाती लागली की ती चारचौघांना सांगाविशी वाटणारच. त्या सांगण्यामागे बहुधा नेक भावनाच असते. फक्त समोरच्याची गरज काय, हे विचारायचे राहून जाते.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष मिळण्याची सोय ठेवली. विंडोज 11 साठी मात्र नव्या धाटणीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा लागते, त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉप एकदम ‘अपात्र’ ठरले. तेव्हापासून ‘लिनक्स टाका’ या सल्ल्याला पूर आला आहे. यात तथ्य आहे. ज्या घरात संगणकावर फक्त इंटरनेट, पत्रलेखन आणि मुलांचा अभ्यास चालतो, तिथे लिनक्स हा खरोखर विचार करण्याजोगा मार्ग आहे.

पण घराघरातले काम वेगळे असते. कुणाचे भाऊ दुकानाचा हिशोब टॅलीत ठेवतात. कुणाचे मामू इनपेजमध्ये उर्दू लग्नपत्रिका जुळवून पोट भरतात. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. ‘वाइन’सारख्या साधनाने काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, पण तो खटाटोप भर हंगामात, दारात गिऱ्हाईक उभे असताना कोण करणार? ज्याच्या रोजीरोटीचे साधन आपण हलवायला सांगतो आहोत, त्याचा एक दिवस बुडाला तर भरपाई कोण देणार?

दुसरा धोका याहून मोठा आहे. लिनक्स बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ असा एक पर्याय समोर येतो. सल्ला देणाऱ्याला वाटते, एवढे तर कुणालाही कळेल. घाईत किंवा इंग्रजी नीट न उमगल्याने तो पर्याय दाबला गेला की मुलाचा प्रकल्प, उधारीची वही, गेलेल्या अब्बांचे फोटो, सगळे एका झटक्यात जाते. दुकानदार नवा लॅपटॉप देईल, ते फोटो कुठून आणणार? त्या वेळी सल्ला देणारा दुसऱ्याच कुणाच्या पोस्टखाली लिनक्सचे गुण गात असतो.

केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथल्या सरकारी शाळांत लिनक्स रुजले, हे खरे आहे. पण ते कसे रुजले तेही सांगायला हवे. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, शाळांसाठी खास आवृत्ती तयार झाली, अडचण आली तर विचारायला यंत्रणा उभी राहिली. नुसते ‘टाका’ म्हणून कुणी निघून गेले नाही.

बोलण्याचा सूरही महत्त्वाचा असतो. ‘एवढेही येत नाही?’ हे वाक्य ऐकलेली गृहिणी पुन्हा प्रश्न विचारत नाही. स्वतः टोरवाल्ड्सनी 2018 साली आपल्या तिखट, बोचऱ्या ईमेलबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामापासून सुट्टी घेतली. ज्याने ही वस्तू घडवली त्याला जे कळले, ते तिच्या चाहत्यांनाही कळायला हरकत नाही.

आपल्या घरातल्या संगणक जाणणाऱ्या मुला-मुलींना एवढेच सांगावे. आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या. ते येत नसेल तर गप्प राहण्यात कमीपणा नाही. दुसरा मार्ग सुचवायचाच असेल तर तुम्ही संगणकावर काय काम करता, हे आधी विचारा. आणि लिनक्स टाकाच म्हणायचे असेल तर शेजारी बसून टाकून द्या, पुढचे महिनाभर फोनही उचला.

सल्ला घेणाऱ्यांनीही तीन गोष्टी पाळाव्यात. अनोळखी माणसाने दिलेला आदेश अर्थ न कळता संगणकात चिकटवू नये. सगळ्या फाइली पुसणारा आदेश ‘उपाय’ म्हणून सांगण्याचा खोडसाळपणा इंटरनेटवर जुनाच आहे. कोणताही बदल करण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढावी आणि ती उघडते का ते पाहावे. लिनक्सची उत्सुकता असेल तर उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. ‘इन्स्टॉल’चे बटण दाबले नाही तर आतले विंडोज जागच्या जागी राहते. चार दिवस तसेच वापरावे, आपला प्रिंटर, वायफाय, आवाज चालतो का बघावे आणि मग घरच्यांशी मशवरा करून ठरवावे.

मात्र ज्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख आहे, त्या दिवशी फक्त रोलर पुसावा.