बायकोच्या हाताखाली

पती दंतवैद्य झाला की पत्नीची मान ताठ होणारच, त्यात नवल ते काय! पण जिने स्वतःच पतीला ही विद्या शिकवली, तिच्या अभिमानाची कल्पना करा.

अमेरिकेतील लूसी हॉब्ज यांना 1861 मध्ये ओहायोच्या दंत महाविद्यालयाने केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या खचल्या नाहीत. खासगी धडे घेऊन, पदवी नसतानाच त्यांनी दवाखाना थाटला. अखेर त्याच महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि 1866 मध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला ठरल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी जेम्स टेलर यांच्याशी लग्न केले. जेम्स रेल्वेच्या कारखान्यात रंगकाम करीत. 'बायकोकडून काय शिकायचे?' असा ताठा या गृहस्थांनी धरला नसावा, कारण लूसीबाईंच्या हाताखाली शिकून तेही दंतवैद्य झाले! कॅन्सास राज्यातील लॉरेन्स गावी दोघांनी मिळून दवाखाना चालवला आणि तो चांगलाच नावारूपाला आला.

आपल्याकडे गोपाळराव जोशींनी पत्नीला शिकवले आणि 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी तिकडे जेम्स वारले. त्यानंतर लूसीबाईंनी दवाखान्याचे काम आवरते घेतले.