अस्तित्ववाद आणि निवडीचा भार

अस्तित्ववाद म्हणजे वैफल्याचे तत्त्वज्ञान, अशी एक ढोबळ समजूत मराठी वाङ्मयचर्चेत रुजून बसली आहे. एकाकीपणा, परात्मता, निरर्थकता हे शब्द आले की अस्तित्ववाद आला, असे मानले जाते. आणि चळवळीतील कार्यकर्ता त्याला मध्यमवर्गाचे चोचले ठरवून मोकळा होतो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

मडके घडविण्यापूर्वीच त्याचा उपयोग कुंभाराच्या मनात ठरलेला असतो. माणसाचे तसे नाही. तो आधी अस्तित्वात येतो आणि आपण कोण, हे स्वतःच्या कृतींतून ठरवीत जातो. अस्तित्व सत्त्वाच्या आधी असते, या सार्त्रच्या सूत्राचा अर्थ एवढाच. कीर्केगॉर श्रद्धावान ख्रिस्ती होता, सार्त्र निरीश्वरवादी. पण निवडीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, याविषयी दोघांत मतभेद नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसमधील व्याख्यानात सार्त्रने कम्युनिस्ट आणि कॅथलिक अशा दोन्ही टीकाकारांना उत्तर दिले. त्यात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, आई एकटी. तिच्याजवळ राहावे, की इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात सामील व्हावे? कोणताही धर्मग्रंथ वा नीतिसूत्र त्याच्यासाठी हा निर्णय घेणार नव्हते.

परंतु निवड करणे म्हणजेच योग्य निवड करणे नव्हे. ज्याच्या १९२७ च्या ग्रंथावर हा विचार पोसला गेला, तो हायडेगर १९३३ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. ही उणीव सिमोन द बोव्हारने ओळखली. इतरांच्या स्वातंत्र्यावाचून माझे स्वातंत्र्य अपुरे आहे, असे प्रतिपादन तिने १९४७ मध्ये केले.

सार्त्रही तेथेच थांबला नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात टंचाई हे केवळ गृहीतक असते. सार्त्रच्या १९६० च्या ग्रंथात ती इतिहासाला आकार देणारी शक्ती होते. सर्वांना पुरेल इतके नसते, म्हणून माणूस माणसाला प्रतिस्पर्धी वाटू लागतो. बसच्या रांगेतील माणसे एकत्र उभी असतात, पण एकमेकांची नसतात. त्यांचा कृतिशील समूह केव्हा आणि कसा होतो, हा त्या ग्रंथाचा एक मध्यवर्ती प्रश्न आहे. तो आपलाही आहे.

उपाशी माणसाला 'तू स्वतंत्र आहेस' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय, हा आक्षेप रास्तच आहे. पण 'परिस्थिती अनुकूल नव्हती', 'वरून तसा आदेश होता' ही आपल्या बैठकांतील परिचित वाक्येही पारखून घ्यावीत. कधी ती वस्तुस्थिती असते. कधी, सार्त्रच्या परिभाषेत, ती आत्मवंचना असते. परिस्थिती पर्यायांची मर्यादा ठरविते. त्यांतून निवड मात्र माणूसच करतो. समाजवाद आपोआप अवतरणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी तरी अस्तित्ववादाचा हा तगादा टाळू नये.