बोटं रुसतात तेव्हा...

दिवाळीच्या सुट्टीत करडीला काकडआरतीत पेटी वाजवायला बसले, अन् बोटं लाकडासारखी! कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकलेली मी, सगळ्यांसमोर चुकले. घरी येऊन तेच पलटे दुप्पट वेगात बडवले. चुकाच पक्क्या झाल्या. भजनी मंडळातले आजोबा म्हणाले, "हळू वाजव नं पोरी, पण वाजव!"

पटलं. अनामिका शेजारच्या बोटांशी आतून जोडलेली असते, ती एकटी सहज उचलली जात नाही. तो आपला आळस नव्हे! आता वाईट दिवशी लय निम्मी, रियाज दहाच मिनिटं. पुढचं पक्कं करण्याचं काम झोपेत मेंदू करतो.

मित्रांनो, एम-थ्रीचं गणित अडलं की रात्रभर डोकं आपटू नका. अभ्यास सोडूही नका, फक्त त्या दिवसापुरता लहान करा!