घरातलं घरात?

सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांच्या 'मूलादे' (२००४) या चित्रपटाचं नाव काढलं की आपल्यातले काही जण हमखास म्हणतात, 'घरातलं उणंदुणं चव्हाट्यावर कशाला?' मी विचारतो, घर कुणाचं? मुलींच्या खतन्याविरुद्ध उभी राहणारी कोले मुसलमानच आहे. चार कोवळ्या पोरी तिच्याकडे आसरा मागतात. ती दारात नुसती दोरी बांधते, आणि ती ओलांडायची हिंमत गावात कुणाची होत नाही. पुरुषांना वाटतं, बायकांना रेडिओने बिघडवलं. मग घराघरांतले रेडिओ गोळा करून मशिदीसमोर पेटवून देतात! उत्तर असतं तर रेडिओ कशाला जाळले असते?

हाच चित्रपट दाखवून 'बघा तुमचा इस्लाम' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. ही प्रथा इस्लामपेक्षा जुनी आहे, आफ्रिकेतल्या ख्रिस्ती घरांतही आहे. आणि सेंबेन यांनी पात्रांच्या तोंडी फ्रेंच नव्हे, बायाबापड्यांना कळेल अशी बांबारा भाषा ठेवली. सांगायचं होतं ते आपल्याच माणसांना.

मुंबईतल्या बोहरा बायका याच प्रश्नावर बोलू लागल्या, तर त्यांनाही तेच ऐकवलं जातं, घरातलं घरात. त्यांना गप्प बसवणाऱ्यांनी आधी एवढंच दाखवावं : कुराणात हे कुठे लिहिलंय?