एक चूल, चार चुली

गेल्या दिवाळीत थोरल्या भावाची नात पुण्याहून दर्यापूरला आली होती. फराळाचं ताट पुढ्यात आणि मोबाइल हातात. मधेच म्हणाली, "छोटे आबा, तुम्हाला बीटल्स आवडतात ना? मग त्यांच्या तेरा अल्बमना नंबर द्या बरं. एक ते तेरा. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी दिलेत." मी चकली मोडता मोडता म्हणालो, "अ‍ॅबी रोड पहिला." उरलेल्या बारांचं उद्या बघू म्हटलं आणि विषय संपवला.

विषय काही संपला नाही. मी सदतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली काही वर्षं शाखांना श्रेणी देण्याचं काम माझ्याकडे होतं. ठेवी किती, वसुली किती, थकबाकी किती, की झाला नंबर. अशीच एक पहिल्या नंबरची शाखा तपासायला गेलो, तर तिथे मॅनेजर आणि हेड कॅशियर सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. चिठ्ठ्या पाठवून कारभार चालला होता. त्या दिवसापासून नंबर या गोष्टीवरचा माझा विश्वास थोडा उडाला. मग एखाद्या कलावंताच्या आयुष्यभराच्या कामाला एक ते तेरा नंबर लावून हाती काय येतं?

ज्यांनी बीटल्सचं फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही इंग्लंडातल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावची चार पोरं. घरची परिस्थिती बेताची. 1963 ते 1970 या जेमतेम आठ वर्षांत त्यांनी हे सगळे अल्बम केले आणि तिशी गाठण्याच्या आत ते वेगळेही झाले. एवढ्या थोड्या काळात इतकं बदललेलं संगीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. पहिला आणि शेवटचा अल्बम पाठोपाठ लावले, तर ही तीच माणसं आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

मी त्यांना ऐकलं ते 1985 साली. मुंबईत फोर्टच्या शाखेत होतो. खोलीतला जोडीदार वांद्र्याचा, त्याच्याकडे कॅसेटींचा डबा होता. त्यातल्या दोन मागून घेतल्या आणि टेपरेकॉर्डरसह दिवाळीला घरी आलो. मूर्तिजापूरहून त्या वेळी शकुंतला धावत असे. तिच्या डब्यात बसून सेल संपेपर्यंत ऐकत आलो. घरी ओसरीवर पहिली कॅसेट लावली. भाऊ शेतातून येऊन पाय धुत होते. थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "काय म्हनते ते मले समजून नाई रायलं, पन पोट्टे खुशीत हायेत."

ती कॅसेट 'प्लीज प्लीज मी'ची होती. 1963 च्या मार्चमध्ये आलेला हा त्यांचा पहिला अल्बम. त्यातल्या चौदा गाण्यांपैकी दहा गाणी एकाच दिवसात, 11 फेब्रुवारी 1963 ला, लंडनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. लेननला सर्दी झालेली. ज्या गाण्यात गळा सर्वांत जास्त ताणायचा होता ते मुद्दाम शेवटी ठेवलं, आणि बसत चाललेल्या आवाजात त्याने ते ओरडून म्हटलं. त्यात चुका आहेत, धसमुसळेपणा आहे. पण कापसाच्या हंगामात अंधार पडायच्या आत वेचणी उरकायला सगळं घर वावरात उतरतं, तसं ते काम आहे. कोणाचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही. लेनन आणि मॅकार्टनी यांनी तर गाणं कोणीही रचलेलं असो, नाव दोघांचं लावायचं असंच ठरवून टाकलं होतं.

आपल्याकडे शंकर-जयकिशन होते. 1949 च्या 'बरसात'पासून दोघांचं नाव जोडीनेच छापलं गेलं. पुढे दोघे आपापली गाणी वेगळी बांधू लागले, तरी पाटी एकच राहिली. 1971 साली जयकिशन गेले, त्यानंतरही शंकर यांनी जोडनाव सोडलं नाही. एकत्र कुटुंबाचा सातबारा असाच असतो. नावं सगळ्यांची, आत काय चाललंय ते ज्याचं त्याला ठाऊक.

बीटल्सची मधली वर्षं शोधाची. 1965 च्या 'रबर सोल'मध्ये हॅरिसनने सतार वाजवली, ती शिकाऊ हातांनी. 1966 च्या ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' आला. त्याच महिन्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांचं त्यांनाच ऐकू येत नसे. मग स्टुडिओ हेच त्यांचं वावर झालं. जो पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात झाला, त्याच माणसांनी 1967 च्या 'सार्जंट पेपर'ला पाच महिने दिले.

'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर एक नाव छापलेलं आहे. 'लव्ह यू टू' या हॅरिसनच्या गाण्यात तबला वाजवणारे अनिल भागवत. बीटल्सच्या अल्बमांवर बाहेरच्या वादकाचं नाव क्वचित छापलं जाई, आणि तिथे हे मराठी वळणाचं नाव! मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा आपल्याच पंगतीतला कोणी वऱ्हाडकर तिकडे जेवून आला असं वाटलं. त्या सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला. 1968 च्या जानेवारीत तो पुन्हा आला आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया हे तेव्हाचे तरुण वादक त्या कामात होते. तिथेच 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळ तयार झाला. शब्द मागाहून लंडनमध्ये भरले. फोर्टमधल्या माझ्या शाखेच्या परिसरातच हे सारं घडलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पण नीट ऐकलं की लक्षात येतं, या गाण्यांत हॅरिसनचे तीन भाऊबंद जवळजवळ नाहीतच. 'सार्जंट पेपर'मधल्या त्याच्या भारतीय वळणाच्या गाण्यात तर इतर तिघांपैकी कोणीच वाजवलेलं नाही. हॅरिसन चौघांत वयाने सर्वांत लहान. थोरल्या दोघांच्या गाण्यांनी अल्बम भरून जाई आणि याच्या वाट्याला एखाददुसरी जागा उरे. मीही घरात शेंडेफळ. निर्णय थोरल्यांनी घ्यायचे आणि मला निरोप यायचा. त्यामुळे हॅरिसन कुठे जाऊन बसला आणि का, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दिवाळीत दुसरी कॅसेट लावली ती 1968 च्या नोव्हेंबरातल्या पांढऱ्या अल्बमची. वेष्टन कोरं पांढरं, आत तीस गाणी. त्यातली बरीचशी हृषीकेशच्या आश्रमात सुचलेली. चौघेही एकत्र वाजवताहेत अशी गाणी त्यात सुमारे निम्मीच. काही दिवस तर रिंगो रागावून निघून गेला होता. तेव्हा ढोल मॅकार्टनीने वाजवले. रिंगो परतला तेव्हा त्याचे ढोल फुलांनी सजवून ठेवले होते. भाऊंना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. अर्धी कॅसेट ऐकून ते म्हणाले, "आता हे एकेकटे गाऊन रायले."

या वाक्याने मी चमकलो. एका छपराखाली चार चुली पेटल्या होत्या आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या शेतकऱ्याच्या कानाला त्यांचा धूर लागला होता.

मात्र एकत्र चूल ती चांगली आणि वेगळी ती वाईट, इतका सोपा हिशेब मी मांडणार नाही. त्याच पांढऱ्या अल्बममध्ये हॅरिसनचं गिटारवरचं अप्रतिम गाणं आहे. घरचे लक्ष देईनात म्हणून त्याने एरिक क्लॅप्टन या बाहेरच्या मित्राला वाजवायला बोलावलं. वेगळं झाल्यावर 1970 च्या नोव्हेंबरात त्याने एकदम तीन तबकड्यांचा संच काढला. इतकी गाणी त्याच्याकडे साचून राहिली होती! एकत्र घर सगळ्यांना सांभाळतं, पण धाकट्याचा आवाज दाबतं, हेही खरंच. ज्यांनी फक्त सुरुवातीचे अल्बम डोक्यावर घेतले, त्यांना हा दाबलेला आवाज ऐकू आला नाही. ज्यांना फक्त नंतरचे थोर वाटतात, त्यांना त्या आवाजाची किंमत म्हणून काय गमावलं ते दिसत नाही.

आमच्या घरची वाटणी 2004 ची. मागणी माझी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. अमरावतीच्या घराचं कर्ज डोक्यावर होतं आणि दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातलं माझ्या वाट्याचं वावर मला पैशांत हवं होतं. बोलाचाली झाली. शेवटी भाऊ म्हणाले, "यंदाचा कापूस सोबत घरी येऊ दे. मंग मोजनी बोलाव." त्या वर्षी सीतादहीला आम्ही तिघे भाऊ बायकापोरांसह वावरात होतो. इतकं गोडीने आम्ही त्याआधी कित्येक वर्षांत वागलो नव्हतो. हे शेवटचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी कोणाचा शब्द खाली पडू दिला नाही. त्यानंतर मोजणी आली, धुरे पडले, फेरफार झाले आणि मी व भाऊ दोन वर्षं बोललो नाही.

'अ‍ॅबी रोड' मला कळला तो या दोन वर्षांत.

बँकेत एक गोष्ट शिकवतात. नोंद कोणत्या तारखेला झाली आणि व्यवहार कोणत्या तारखेचा धरायचा, यांत फरक असतो. 'लेट इट बी' बाजारात आला 1970 च्या मे महिन्यात, म्हणून तो शेवटचा मानला जातो. पण त्याचं बहुतेक काम 1969 च्या जानेवारीतलं. त्याच महिन्यात हॅरिसन उठून घरी गेला होता. 2021 साली त्या दिवसांचं जवळजवळ आठ तासांचं चित्रण प्रेक्षकांसमोर आलं. त्यात कटकटींबरोबर बरीच थट्टामस्करीही दिसली. भांडणाऱ्या घरातही लोक हसतात, हे आपल्याला नवीन नाही. त्या जानेवारीनंतर चौघे पुन्हा जमले आणि 'अ‍ॅबी रोड' केला. तो सप्टेंबर 1969 मध्ये आला. व्यवहाराची तारीख धरली, तर शेवटचा अल्बम हाच.

त्यात हॅरिसनची दोन गाणी आहेत आणि ती थोरल्यांच्या कोणत्याही गाण्याला हार जाणार नाहीत. 'बिकॉज' या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन तिघांनी मिळून गायलं. ते तीनदा एकावर एक मुद्रित केलं, त्यामुळे नऊ गळे ऐकू येतात. शेवटाकडे एक जागा आहे. रिंगोचे ढोल एकट्याने वाजतात आणि मग तीन गिटारी आळीपाळीने बोलतात. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. त्यानंतर वर्षभरातच घर फुटल्याचं जाहीर झालं आणि 31 डिसेंबर 1970 ला भागीदारी मोडण्यासाठी मॅकार्टनी कोर्टात गेला. ते प्रकरण 1975 च्या जानेवारीपर्यंत चाललं. हे सगळं माहीत असताना त्या तीन गिटारी ऐकल्या की मला आमचं सीतादही आठवतं.

कोणी म्हणेल, संगीत ऐकावं, घरच्या भानगडी कशाला? मला तर त्या भानगडी संगीतातच ऐकू येतात. कोण कोणासाठी थांबतो, कोण कोणाचा आवाज उचलून धरतो, कोण दार लावून एकटा वाजवतो, हे सुरांतून लपत नाही. म्हणून एका कलावंताच्या निरनिराळ्या वयातल्या कामाला एकच मोजपट्टी लावू नये, असं माझं मत आहे. त्या त्या वेळी काय मिळवलं आणि त्यासाठी काय मोजलं, एवढं विचारावं. माझ्या पहिल्या कादंबरीचे वाचक आजही भेटतात आणि 'तशी पुन्हा लिहा' म्हणतात. पूर्वी राग यायचा. आता वाटतं, तेही स्वतःची जुनी ओसरी मागताहेत.

भाऊबीजेच्या संध्याकाळी नातीला हे सगळं सांगितलं. नंबर देणार नाही म्हटलं. तिने 'अ‍ॅबी रोड'चा शेवट मोबाइलवर लावला. भाऊ आता ऐंशीला टेकलेत, कानाला यंत्र आहे. तीन गिटारी संपेपर्यंत ते डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "कोनी कोनाले तोडून नाई रायलं." थोडं थांबून नातीला म्हणाले, "पन मले ते पयलंच लाव. खुशीतल्या पोट्ट्यायचं."

तिने लावलं.